शिंग, तलवार आणि तीन शब्द

बेळगावात वाढलेल्या माणसाला मराठा लाइट इन्फन्ट्रीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पहाटे कॅम्पाच्या बाजूने कानावर येणारी बिगुलाची ललकारी, भरतीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून लोटणारी पोरांची गर्दी आणि टोपीवर चकाकणारे ते लहानसे पितळी चिन्ह, हे सारे या गावाच्या अंगवळणी पडलेले आहे. १९२२ साली या रेजिमेंटचे प्रशिक्षणाचे ठाणे बेळगावी आले. शंभर वर्षे उलटून गेली तरी ते इथेच आहे.

परंतु नित्य डोळ्यांपुढे असलेली वस्तू आपण क्वचितच निरखून पाहतो. त्या चिन्हात एक बिगूल आहे, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन तलवारी आहेत, ढाल आहे आणि राष्ट्राचे प्रतीक म्हणून अशोकस्तंभाचे सिंह आहेत. सोबत बोधवाक्याचे तीन शब्द आहेत : कर्तव्य, मान, साहस. तलवार आणि ढाल यांचा अर्थ कोणा मराठी माणसाला सांगावा लागत नाही. प्रश्न पडतो तो बिगुलाचा. मराठ्यांच्या युद्धवाद्यांत तुतारी होती, शिंग होते, नौबत होती. मग हे इंग्रजी वळणाचे, दोरीने बांधलेले शिंग मराठा पलटणीच्या माथ्यावर आले कोठून? आणि ज्याने दिले त्याचाच अर्थ त्यात राहिला, की घेणाऱ्याने आपला अर्थ त्यात भरला? हा प्रश्न केवळ सैनिकी नाही. परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहून आपली नावे, भाषा आणि कुलाचार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या घराण्यांना तो अगदी घरचा आहे.

प्रथम शिंगाची जन्मकथा. अठराव्या शतकात युरोपातील पायदळ खांद्याला खांदा लावून, ढोलाच्या ठेक्यावर रांगेने चालत असे. जर्मन मुलखातील शिकारी जंगलात विखुरलेले असत आणि एकमेकांना इशारा देण्यास शिंग वापरीत. अशा शिकाऱ्यांतून चपळ, विरळ फळीत लढणारे सैनिक घेतले गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर ते शिंगही फौजेत आले. झाडाझुडपांत पांगलेल्या शिपायांना ढोल सोयीचा नव्हता. शिंगाचा आवाज लांबवर जाई आणि वाजविणाऱ्याला त्यांच्याबरोबर धावताही येई. इंग्रजांनी हा प्रकार उचलला. १८०३ पासून शॉर्नक्लिफच्या छावणीत सर जॉन मूर याने हलक्या पायदळाची शिस्त बसविली. मिनिटाला १४० पावलांची झपाट्याची चाल, स्वतःच्या बुद्धीने आडोसा शोधण्याची शिकवण आणि टोपीवर शिंगाचे चिन्ह, ही त्या पायदळाची ओळख ठरली. गंमत अशी की ‘बिगूल’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये तरुण बैलाच्या नावात आहे. म्हणजे तेही मुळात बैलाचे शिंगच. आपला ‘शिंग’ हा शब्द आणि त्यांचा ‘बिगूल’ निराळ्या वाटांनी एकाच गोठ्यात येऊन पोचतात.

हे शिंग या पलटणींना मिळाले ते बलुचिस्तानात. १८४० साली पहिल्या अफगाण युद्धाच्या धामधुमीत मुंबई लष्कराच्या ५ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी कॅप्टन लुई ब्राऊन याच्या हाताखाली मरी बलुच टोळ्यांच्या मुलखातील काहुन या गढीवर पाठविण्यात आली. तुकडी दीडशेच्या आसपास. मे महिन्यात ती गढीत शिरली आणि लागलीच वेढली गेली. रसद पोहोचवून परत निघालेली तुकडी वाटेत कापली गेली. ऑगस्टच्या अखेरीस मेजर क्लिबॉर्न मोठी कुमक घेऊन निघाला, परंतु नफुस्कच्या घाटात त्याचा पराभव झाला. उन्हाने आणि तहानेने त्याची फौज खचली आणि ती काहुनला न पोचताच माघारी फिरली. वेढ्यातले शिपाई आजारी होते, अन्न संपत आले होते, आणि आता कोणी सुटकेला येणार नाही हे उघड झाले होते. तरीही गढी पडली नाही. अखेर मरींचा प्रमुख दोदा याच्याशी बोलणे होऊन २८ सप्टेंबरला ही तुकडी हत्यारांसह आणि आपली तोफ बरोबर घेऊन गढीतून बाहेर पडली. दोदाने दिलेला शब्द पाळला.

या कामगिरीबद्दल १८४१ साली ५ व्या पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’ हे बिरुद देण्यात आले. पुढे तिच्या भावंड पलटणींपैकी काहींनाही तेच बिरुद मिळाले. येथे क्षणभर थांबून विचार करावा. हलक्या पायदळाचे बिरुद म्हणजे चपळाईचे, धावेचे, झपाट्याचे बिरुद. ते या शिपायांना मिळाले ते कशाबद्दल? साडेचार महिने एका मातीच्या गढीतून न हलल्याबद्दल! धावण्याचे चिन्ह ठाण मांडून बसण्याने मिळविले. म्हणजे चिन्ह देणाऱ्याने जो अर्थ लावला होता, त्याहून वेगळा अर्थ घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यात ओतला होता.

पण हे शिपाई होते कोण? आज आपण सहज ‘मराठा पलटण’ म्हणतो. १८४० साली तिचे ते नाव नव्हते. मुंबई लष्करात त्या काळी जातवार कंपन्या नसत. कोकणचे आणि देशावरचे मराठे, महार, उत्तरेकडील परदेशी, मुसलमान, बेने इस्रायली ज्यू अशी सरमिसळ एकाच फळीत उभी राही. ‘मराठा’ हे नाव अधिकृतपणे लागले ते १९०३ मध्ये, किचनेरने हिंदी फौजेची नव्याने मांडणी केली तेव्हा. ३ री, ५ वी आणि १० वी या पलटणी अनुक्रमे १०३, १०५ आणि ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्री झाल्या. त्या आधी, १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत, ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताला अनुसरून सरकारने महारांची भरती थांबविली होती. म्हणजे ज्या शिंगासाठी काहुनच्या काळातील मिश्र पलटणी झिजल्या, त्या शिंगाखाली उभे राहण्याचा हक्क पुढे त्यांच्यातल्याच काहींच्या नातवंडांना उरला नाही. ही गोष्ट टाळून चिन्हाचा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या अन्यायाचे पुढचे पानही बेळगावातच उलटले. १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली पलटण याच गावी उभी राहिली. तिच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली आणि तिच्यासोबत मशीनगनची जोडी आली. त्या स्तंभाविषयी निरनिराळ्या घरांत निरनिराळे बोलले जाते. परंतु एकाच गावी, एकाच मातीतल्या माणसांनी दोन चिन्हे धारण केली आणि दोन्ही चिन्हे कंपनी सरकारच्या लढायांतून आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे कोणी कोणाला हिणवावे असे काही उरत नाही.

आता आपल्या घराण्यांना सर्वांत अवघड जाणारा भाग. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईस उभी राहिली. तिला पुढे अभिमानाने ‘जंगी पलटण’ म्हणू लागले. तिचा धनी ईस्ट इंडिया कंपनी. त्या वेळी पुण्यास थोरले माधवराव पेशवे होते. १७७९ साली वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला कोंडून तह लिहून घेतला, तेव्हा त्या फौजेतला शिपाईही बहुतांशी याच देशचा होता. पुढे १८०३ मध्ये असईस शिंद्यांचा, १८१७ मध्ये महिदपुरास होळकरांचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे आपले पूर्वज ज्या सरदारांच्या फौजांमागून आले, त्या फौजांना मोडणाऱ्या सत्तेच्या पदरी या पलटणी होत्या. १८५७-५८ च्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेचा युद्धसन्मानही रेजिमेंटच्या यादीत आहे. ज्या मोहिमेत झाशी पडली आणि ग्वाल्हेरीस राणीने देह ठेवला, त्या मोहिमेत रेजिमेंटच्या पूर्वज पलटणींपैकी १० वी मुंबई पलटण इंग्रजांकडून होती.

हे वाचताना मन खट्टू होते, आणि ते व्हावेही. परंतु तेव्हाच्या शिपायाच्या जागी उभे राहून पाहिल्यास चित्र थोडे बदलते. त्याच्या मनात ‘राष्ट्र’ या शब्दाला आजचा अर्थ नव्हता. त्याच्यापाशी एक दुसरा शब्द होता : मीठ. ज्याचे खाल्ले त्याला जागायचे. हीच निष्ठा शिंद्यांच्या पदरी गेलेल्या त्याच्या चुलतभावाचीही होती. दोघे समोरासमोर उभे राहिले असतील तर दोघांनीही एकाच शब्दाला स्मरून हत्यार उपसले असेल. दोष त्या शब्दात नव्हता. त्या मिठाचा धनी कोण, हे विचारण्याची सोय त्याला नव्हती.

येथूनच बोधवाक्याच्या पहिल्या शब्दाकडे वळता येते. ‘कर्तव्य’ हा शब्द ‘मिठा’पेक्षा मोठा आहे. मीठ एका धन्याचे असते, कर्तव्याला धनी नसतो. जे करावयास हवे ते कर्तव्य, मग कोणी पाहो वा न पाहो. शिपाई मिठाकडून कर्तव्याकडे गेला हा गेल्या दोन शतकांतला फार मोठा प्रवास आहे, आणि तो एका दिवसात झालेला नाही.

दुसरा शब्द ‘मान’. इंग्रजीत त्याच्या जागी जो शब्द आहे त्याचा रोख माणसाच्या आतल्या प्रतिष्ठेकडे अधिक आहे. मराठीत ‘मान’ हा चारचौघांत असतो. पालखीला खांदा देण्याचा मान, होळीच्या पोळीचा मान, गावच्या मानकऱ्याचा मान. तो गावाने द्यावा लागतो आणि पिढ्यान्पिढ्या सांभाळावा लागतो. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमारा येथे या मानाची कसोटी लागली. जनरल टाउनशेंडच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य घटत गेले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि धर्माच्या भीतीने अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. शेवटी सेनापतीने शरणागती पत्करली. पुढच्या कैदेत कितीतरी जण घरी परतलेच नाहीत. रूढ अर्थाने हा पराभव आहे. तरीही ‘कुतचा बचाव’ हा सन्मान रेजिमेंट मिरविते आणि त्यात तिला संकोच वाटत नाही. काहुन सोडून यावे लागले, कुत द्यावे लागले; परंतु मान दोन्हीकडे राहिला. जिंकणे आणि मान राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चिन्हाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरा शब्द ‘साहस’. या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जुन्या धर्मशास्त्रांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा. खून, लूट, अंगावर धावून जाणे यांसाठी तो शब्द येतो आणि त्याला दंड सांगितलेला असतो. पुढे त्याचा अर्थ अविचार असा झाला, आणि आज तो गुण झाला आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘धाडस’ म्हणतो, ‘साहस’ लिहिण्यात येते. सैन्याने हा शब्द घेताना त्याला कर्तव्य आणि मान यांच्या मागे बसविले, हे फार शहाणपणाचे केले. पुढे दोन शब्द नसतील तर तिसरा पुन्हा गुन्ह्याच्या जुन्या अर्थाकडे घसरण्यास वेळ लागत नाही.

या तिसऱ्या शब्दाचे उदाहरण म्हणून इटलीतील दोन प्रसंग सांगतो. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे एका तुकडीचे नेतृत्व करीत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज तुकडीतले सर्व मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्याने झुंजले, आणि त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. वय अवघे २२. दुसरे अहमदनगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर ते कंपनीचे निरोप्या होते. सुरुंगांनी भरलेल्या भागातून आणि खोल पाण्यातून त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक सुरक्षित आणले. मग परत जाऊन मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला जखम झाल्याने बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून ग्रेनेड फेकले. तीन ठाणी बंद पाडल्यावर ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना हाताने बोलावू लागले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधवांचा प्रसंग वाचताना वारंवार वाटते की शिंगाचे काम नेमके हेच. जंगलात पांगलेल्यांना ‘या, वाट मोकळी आहे’ असे सांगणे. त्या दिवशी सेनिओच्या बांधावर एका निरोप्याच्या कंठानेच बिगुलाचे काम केले.

ती रणगर्जना म्हणजे ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. रेजिमेंटची परंपरा तिचा आरंभ १९४१ सालच्या एरिट्रियातील केरनच्या लढाईशी जोडते. सरळसोट डोंगरकडे, वर इटालियन फौज आणि खालून चढणारे सह्याद्रीचे जवान, ही स्थिती पाहिली तर महाराजांचे नाव ओठांवर येणे स्वाभाविकच होते. गर्जनेचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘बोल’ आणि ‘की जय’ हे लष्करी हिंदुस्थानीचे वळण. आत नाव मात्र आपले. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या मराठीवर हिंदीची आणि बेळगाव-धारवाडकडील मराठीवर कानडीची जी छटा आहे, तिला कोणी नावे ठेवली तर ही गर्जना आठवावी. तिच्यातले मराठीपण शब्दांच्या शुद्धतेवर अवलंबून नाही, ते ज्याचे नाव घेतले त्याच्यावर अवलंबून आहे.

पलटण इंग्रजांची, टोपीवरचे शिंग इंग्रजांनी दिलेले, वर इंग्रजांचा राजमुकुट. आणि चढाईच्या क्षणी तोंडी नाव त्या राजाचे, ज्याचे राज्य इंग्रजांनी बुडविले. यापेक्षा मोठा अर्थबदल कोणता? रेजिमेंट आपला दिन पाळते तो ४ फेब्रुवारी. १६७० साली त्या दिवशी तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला. रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणारे ते मावळे म्हणजे आपले हलके पायदळच होते. शॉर्नक्लिफच्या छावणीच्या सव्वाशे वर्षे आधीचे. पलटण कंपनीने १७६८ मध्ये उभी केली असली, तरी तिने आपला वाढदिवस जणू कोंढाण्यावर शोधला आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी वळणाचे ‘महरट्टा’ हे लेखन जाऊन ‘मराठा’ आले आणि राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभ आला. शिंग मात्र राहिले. ते काढून टाकण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण ते तोवर आपले होऊन गेले होते. संस्थाने विलीन झाली तेव्हा कोल्हापूरची राजाराम रायफल्स, बडोद्याचे पायदळ आणि हैदराबादच्या फौजेतील पलटण या रेजिमेंटमध्ये आल्या. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या पलटणी कुमाऊँ रेजिमेंटकडे गेल्या. गायकवाडांची माणसे शिंगाखाली आली आणि होळकर-शिंद्यांची माणसे हिमालयाच्या मुलखातील रेजिमेंटच्या चिन्हाखाली गेली. आपली घराणी नवीन गावी रुजली, तशाच या पलटणीही नव्या चिन्हाखाली रुजल्या.

आणि या शिंगाने आडनाव कधी विचारले नाही. १९५७ मध्ये नागा टेकड्यांत धारातीर्थी पडलेले दुसऱ्या मराठा पलटणीचे कॅप्टन एरिक जेम्स टकर आणि १९९३ मध्ये नागालँडमध्ये लढताना गेलेले १६ व्या मराठा पलटणीचे कर्नल एन. जे. नायर, या दोघांनाही अशोकचक्र मिळाले. एकाचे नाव ख्रिस्ती, दुसऱ्याचे मूळ केरळात. दोघांच्याही पलटणीची गर्जना एकच. काहुनच्या काळातील सरमिसळ, जी मध्यंतरी सरकारी सिद्धांताने मोडून काढली होती, ती अशा रीतीने काही अंशी तरी परत आली असे म्हणता येईल.

चिन्ह कोणी दिले हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचे उत्तर लपवून ठेवण्याचे कारण नाही. हे शिंग परक्याने दिले, परक्याच्या युद्धासाठी दिले. परंतु त्यात श्वास कोणी भरला हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पोकळ शिंग स्वतः वाजत नाही. काहुनचे उपाशी शिपाई, कुतचे कैदी, केरनचे कडे चढणारे, सेनिओच्या बांधावर उभा राहिलेला एक निरोप्या, यांनी आपापला श्वास त्यात घातला, म्हणून ते आज मराठीत वाजते. आपल्यापैकी कोणाच्या माजघरात जुन्या ट्रंकेत असा एखादा पितळी बिल्ला पडलेला असेल तर तो काढून पुसावा, मुलांच्या हाती द्यावा, आणि त्याची सगळी गोष्ट सांगावी. अभिमानाची सांगावी, तशी अवघड वाटणारीही सांगावी. अर्धी सांगितलेली गोष्ट पुढच्या पिढीजवळ फार दिवस टिकत नाही.